वाशिष्ठीची भरती व चिपळूणचे कर्तव्य

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्या समाजात प्रश्न विचारणे हाच अविनय समजला जातो, त्या समाजात अशी म्हण निपजावी ह्यात नवल नाही. त्यातून वाशिष्ठी ही तर ऋषीचे नाव धारण करणारी नदी. तेव्हा तिच्या बाबतीत मौन धरण्यास आमच्या लोकांस दुहेरी सबब मिळाली, असे म्हणावे लागते. ह्या मौनाची किंमत चिपळूण शहराने अलीकडे दोन वेळा मोजली आहे. एकदा २००५ च्या जुलै महिन्यात, आणि दुसऱ्यांदा २२ जुलै २०२१ रोजी. म्हणून आज आम्ही ती म्हण बाजूस ठेवून नदीचे मूळ तर विचारणारच; परंतु त्याहूनही अधिक आग्रहाने तिचे मुख विचारणार आहोत. कारण चिपळूणच्या सुखदुःखाची सूत्रे जितकी सह्याद्रीच्या माथ्यावर आहेत, तितकीच ती दाभोळच्या समुद्रात आहेत. आणि आमच्या सार्वजनिक चर्चेत पहिल्या गोष्टीचा जितका गवगवा होतो, त्याच्या दशांशानेही दुसरीचा विचार होत नाही.

वाशिष्ठी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, तिवरे गावाच्या बाजूस उगम पावते आणि सुमारे सत्तर किलोमीटरांचा प्रवास करून दाभोळजवळ अरबी समुद्रास मिळते. ह्या प्रवासाचे दोन भाग पडतात व ते एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. पहिल्या भागात ती डोंगरातून धावत उतरते. धोंडे, वाळू, माती जे सापडेल ते घेऊन येते. चिपळूणच्या आसपास हा उतार सरतो. येथे शहराच्या वस्तीतून येणारी शिवनदी तिला मिळते, आणि गोवळकोटच्या टेकडीखालून पुढे गेल्यावर जिला आपण नदी म्हणतो ती वस्तुतः नदी राहतच नाही. ती खाडी होते. पुढे खेडकडून येणारी जगबुडी तिच्यात आपले पाणी ओतते, आणि उत्तरेस दाभोळ व दक्षिणेस गोपाळगडाच्या पायथ्याचे अंजनवेल ह्यांच्यामधून हे सर्व पाणी समुद्रात शिरते. चिपळूण हे मुखापासून चाळीसएक किलोमीटर आत असले, तरी समुद्रसपाटीपासून त्याच्या बाजारपेठेची उंची फारच थोडी आहे. अंतराने दूर आणि उंचीने जवळ, अशी ही समुद्राची शेजारीण आहे. आणि शेजाऱ्याचे अस्तित्व विसरून जो घर बांधतो, त्यास पुढेमागे पस्तावण्याची पाळी येते.

खाडी म्हणजे काय, ह्याचा विचार आमच्यापैकी पुष्कळांनी शाळा सोडल्यावर पुन्हा केलेला नसतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील पुष्कळ पाणी बर्फाच्या रूपाने उत्तरेकडील खंडांवर गोठून राहिले होते, तेव्हा समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी कोकणच्या नद्यांनी आपापली खोरी आजच्या किनाऱ्याच्याही पलीकडे खोल कोरून काढली. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला, आणि त्या खोऱ्यांचे खालचे भाग त्याने बुडविले. कोकणातील खाड्या ह्या अशा बुडालेल्या दऱ्या होत. ज्या जागेस आपण नदीचा शेवट मानतो, ती समुद्राने हजारो वर्षांपूर्वी जिंकून घेतलेली जागा आहे, आणि तो आपला ताबा दिवसातून दोन वेळा नियमाने बजावून जातो.

ह्या ताबा बजावण्यासच आपण भरती म्हणतो. चंद्र व सूर्य ह्यांच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी चढते व उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात, म्हणून आजच्या वेळेहून उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास चंद्रसूर्यांचे बळ एकवटते व उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते परस्परांस आडवे येतात व भांगाची भरती होते. आमच्या किनाऱ्यावरील कोळी व खलाशी ह्यांस हे गणित घड्याळावाचून ठाऊक होते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ अदमासे निघते, असा त्यांचा सोपा ठोकताळा; चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, आणि पौर्णिमेस दुपारी वा मध्यरात्री बाराच्या आतबाहेर. ज्या पंचांगात आम्ही लग्नाचा मुहूर्त, प्रवासाची वेळ आणि राहुकाल एवढेच पाहतो, त्याच पंचांगाच्या त्याच रकान्यात समुद्राच्या येण्याजाण्याची वेळ लिहिलेली आहे. तिकडे मात्र आमची दृष्टी जात नाही. शुभाशुभाचा विचार करताना जो समाज इतका सावध, तो प्रत्यक्ष पाण्याच्या बाबतीत इतका निष्काळजी असावा, ह्यास काय म्हणावे?

आता ही भरती चिपळूणास कशी भोवते ते पाहू. उन्हाळ्यात खाडीतून वर येणारे पाणी कोणास फारसे जाणवत नाही. पात्रात जागा मोकळी असते, ते येते व जाते. पावसाळ्यात गोष्ट निराळी होते. ह्या भागात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. डोंगरावरून लोंढा खाली येत असता समोरून उधाणाचे पाणी चढत असेल, तर वरच्या पाण्यास पुढे सरकण्यास जागा उरत नाही; ते तुंबते आणि दोन्ही काठांवर पसरते. भरती ही भिंत नव्हे, परंतु काही तासांपुरते ती भिंतीचेच काम करते. २२ जुलै २०२१ ही आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. रात्रभर प्रचंड पाऊस कोसळला, सकाळी शहरात पाणी चढू लागले, आणि त्याच सकाळी उधाणाची भरतीही चढत होती. त्या दिवसाचा मुख्य दोष अतिवृष्टीचा, ह्याबद्दल वाद नाही. परंतु आलेले पाणी निघून जाण्याच्या ऐन वेळी खालचा दरवाजा लोटलेला होता, हेही तितकेच खरे आहे. बाजारपेठेतील दुकाने बुडाली, घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत पाणी पोचले, माणसे दगावली. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरासारख्या संस्थेची ग्रंथसंपदा २००५ साली भिजली होती, ती २०२१ साली पुन्हा भिजली. सोळा वर्षांच्या अंतराने एकाच कपाटात दोनदा पाणी शिरावे, ह्यास केवळ दैव म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

येथे कोणी विचारील की, असे जर आहे तर आमच्या पूर्वजांनी अशा जागी शहर वसविलेच कशाला? ह्याचे उत्तर आमच्या व्यापारी बंधूंस सर्वांत आधी कळावयास हवे, कारण त्यांच्या धंद्याचा जन्मच त्यात आहे. पूर्वजांनी हे शहर भरतीच्या भयास न जुमानता वसविले नाही; ते भरतीसाठीच वसविले. ज्या ठिकाणापर्यंत भरतीच्या पाण्यावर गलबत आत येऊ शके, आणि ज्या ठिकाणाहून घाटाकडे बैलांचे तांडे निघत, तेथे माल उतरणार व माल चढणार हे ठरलेलेच. गोवळकोटच्या बंदरात गलबते लागत आणि कुंभार्ली घाटाने माल कऱ्हाडकडे जाई. सावित्रीवरील महाड, जगबुडीवरील खेड, शास्त्रीवरील संगमेश्वर व अर्जुना नदीवरील राजापूर ह्या पेठांचा इतिहास हाच आहे. कोकणचा नकाशा पुढे घेऊन, खाडीचा शेवट व घाटाची वाट जेथे जवळ येतात तेथे बोट ठेवावे, म्हणजे त्याखाली बहुधा एक जुनी पेठ सापडते. आणि पुरांच्या बातम्या वाचाव्यात, म्हणजे त्यांत हीच नावे पुन्हा भेटतात. ज्या पाण्याने लक्ष्मी आणली तेच पाणी संकट आणते. ह्यात विरोध काही नाही, भूगोल एकच आहे.

मुखापाशी असलेल्या दाभोळची कथा तर ह्याहून बोधप्रद आहे. बहमनी व पुढे आदिलशाही अमलात हे पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते. इराण, अरबस्तान व तांबडा समुद्र ह्यांच्याशी त्याचा व्यापार चाले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मैदा ह्याने ते लुटले व जाळले, तरी पुढे बराच काळ त्याचे महत्त्व टिकून होते. आज तेथे जुनी मशीद आहे व मच्छिमारांच्या होड्या आहेत; मोठा व्यापार नाही. गलबते गेली, आगबोटी आल्या व त्याही गेल्या. मग सडका झाल्या, आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने सगळा मार्गच निराळा करून टाकला. व्यापाराने नदीकडे पाठ फिरविली, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याबरोबर शहरानेही नदीकडे पाठ फिरविली, आणि तेथेच घोटाळा झाला. ज्या काठावर पूर्वी धक्के होते तेथे परसदारे झाली; परसदारी जे टाकावयाचे ते नदीत पडू लागले; आणि जी सखल जागा पाण्यासाठी मोकळी असे, ती भराव घालून विकाऊ झाली. गलबते येण्याचे थांबले म्हणून भरती येण्याची थांबली, असा जणू आमचा समज झाला.

पुरानंतर शहरात जी चळवळ झाली तिचा येथे आदरपूर्वक उल्लेख करणे अवश्य आहे. चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण आरंभिले. नदीतील गाळ काढावा ही तिची मुख्य मागणी, आणि पूररेषा रद्द कराव्यात ही दुसरी. पहिल्या मागणीस यश आले. शासनाने व नाम फाऊंडेशनने २०२२ साली गाळ उपसण्याचे मोठे काम हाती घेतले. नागरिकांनी एकजुटीने शासनास जागे केले, ही गोष्ट कोणत्याही सुधारणाप्रिय माणसास समाधान देणारी आहे. पहिल्या मागणीस आमचा पूर्ण पाठिंबा आहे. दुसऱ्या मागणीविषयी मात्र आम्हांस आपल्या मित्रांशी मतभेद व्यक्त करणे भाग आहे. आणि मित्रांस न रुचणारे सांगणे हेच वृत्तपत्राचे पहिले कर्तव्य असल्यामुळे ते आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो.

प्रथम गाळाचा विचार करू. गाळ येतो कोठून व साचतो का? डोंगरउतारावरील झाडी तुटली, रस्त्यांसाठी व घरांसाठी टेकड्या कापल्या गेल्या, म्हणजे माती सुटते व पावसाबरोबर नदीत येते. चिपळूणजवळ उतार संपल्यामुळे पाण्याचा वेग मंदावतो व जड माल तेथे बसतो. बारीक माती पुढे जाते. परंतु गोड्या पाण्यातील हे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्यास भेटले म्हणजे एकमेकांस चिकटतात, जड होतात व तळाशी जातात. शिवाय भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी क्षणभर स्तब्ध होते, त्या वेळीही साका खाली बसतो. म्हणून पात्रात बेटे तयार होतात व त्यांवर झाडेझुडपे माजतात. ह्याचा अर्थ असा की, गाळ साचणे हा खाडीच्या शेंड्याचा स्वभावधर्म आहे. एकदा उपसा केला व काम झाले, असे येथे होणार नाही. अंगण रोज झाडावे लागते तसे हे काम वर्षानुवर्षे करावे लागेल. आणि उपसलेला गाळ काठावरच रचून ठेवला, तर पुढच्या पावसात तो आपल्या जागी परत जाईल, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गाळ काढल्याने पावसाचे पाणी वाहून जाण्यास जागा होते, पण भरतीस येण्यासही तीच जागा होते. गाळ काढता येतो. भरती काढता येत नाही.

आता पूररेषांविषयी. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, व लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ह्या रेषांमुळे जागांच्या किमती उतरतील, पेढ्या कर्ज देणार नाहीत, जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा अडेल, अशी व्यापाऱ्यांची भीती आहे. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. कचेरीत बसून नकाशावर रेघ ओढावयाची, पिढ्यान् पिढ्या राहत आलेल्या माणसास एका रात्रीत बेकायदा ठरवावयाचे, आणि त्यास दुसरा मार्ग दाखवावयाचा नाही, ही शासनाची रीत अन्यायाची आहे. जुन्या पेठेस सवलत द्यावी, दुरुस्तीस मोकळीक द्यावी, तळमजला रिकामा ठेवून वर बांधणाऱ्यास अधिक बांधकामाची मुभा द्यावी, ज्यास स्वखुशीने हलावयाचे असेल त्यास जागा द्यावी. ह्या मागण्या जितक्या जोराने करता येतील तितक्या कराव्यात. परंतु रेषाच पुसून टाका, असे म्हणणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून तापमापक फोडण्यासारखे आहे. कागदावरची रेषा शासनाने पुसली तरी भिंतीवर पुराने काढलेली रेषा राहतेच; आणि ती रेषा कोणत्याही मंत्र्याच्या सहीने खाली येत नाही.

शिवाय हिशेब हा ज्यांच्या हाडीमाशी खिळलेला आहे, त्या आमच्या व्यापारी बंधूंनी ह्या रेषांचा हिशेब नीट मांडून पाहावा. शंभर वर्षांतून एकदा, ह्याचा अर्थ आज पूर आला म्हणजे पुढील नव्याण्णव वर्षे निश्चिंती, असा नव्हे. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक वाटा संभव, एवढाच. तीस वर्षे दुकान चालविणाऱ्याच्या नशिबी असा पूर एकदा तरी येण्याचा संभव शंभरात सव्वीस आहे. आणि निळ्या रेषेच्या आत पंचवीस वर्षे धंदा करणाऱ्यास तिथवरचा पूर एकदा तरी गाठण्याचा संभव शंभरात चौसष्ट आहे. ज्या आसामीचा पैसा बुडण्याचा संभव शंभरात चौसष्ट, त्यास आमचा कोणता सावकार तारणावाचून कर्ज देईल? मग स्वतःचा माल मात्र तळमजल्यावर भरून ठेवताना हीच व्यवहारबुद्धी कोठे जाते? रेषा ही व्यापाऱ्याची वैरीण नव्हे. ती त्यास फुकट मिळालेली खबर आहे.

ह्या नदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कोयना ही सह्याद्रीच्या पूर्वेस वाहणारी नदी. तिचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरास जावयाचे. परंतु कोयना प्रकल्पाने १९६२ पासून ते पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेस आणले, पोफळी येथे व पुढे कोळकेवाडीच्या पायथ्याशी त्यापासून वीज काढली, आणि ते वाशिष्ठीच्या पात्रात सोडले. कृष्णा पाणीतंटा लवादाने ह्यास वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. ह्या परक्या पाण्याने वाशिष्ठीस बारमाही केले. उन्हाळ्यात खारे पाणी मागे रेटले. शहरास व कारखान्यांस गोडे पाणी मिळाले. हा उपकार लहान नाही. परंतु निसर्गाने जे पात्र एका खोऱ्यासाठी घडविले, त्यात दुसऱ्या खोऱ्याचे पाणी येऊ लागले म्हणजे ते कोणत्या वेळी यावे हा प्रश्न उत्पन्न होतो. मुसळधार पाऊस व उधाण एकत्र आले असता वरून सुटणाऱ्या प्रत्येक घनफुटाची वेळ पाहिली पाहिजे. हे पाणी एका कळीने सोडता येते व एका कळीने थांबविता येते. पाऊस आपल्या हाती नाही, भरती आपल्या हाती नाही. हे मात्र आपल्या हाती आहे.

वेळेचे हे महत्त्व दुसऱ्या एका शहराच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. लंडन हेही भरतीच्या नदीवर वसलेले व्यापारी शहर आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्राच्या तुफानाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसे मेली. त्यातून धडा घेऊन थेम्स नदीवर प्रचंड दारे बांधण्यात आली व १९८४ साली त्यांचे उद्घाटन झाले. ही दारे समुद्राचे तुफान अडवितात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु वरच्या अंगास नदीस पूर असेल तर ती ओहोटीच्या अखेरीस लावून घेतात, म्हणजे पुढची भरती आत शिरत नाही व पुराच्या पाण्यास पात्रात जागा मोकळी राहते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. दाभोळास तशी दारे उभारा, असे आमचे म्हणणे नाही. खर्च, मासेमारी व गाळ ह्या तिन्ही दृष्टींनी ते अविचाराचे होईल. त्यांची दारे घेण्याचे कारण नाही. घड्याळ पाहण्याची त्यांची सवय मात्र घेण्यासारखी आहे.

आणि खरे पाहता त्यासाठी विलायतेकडे पाहण्याचीही गरज नाही. आमच्या कोकणातील खारजमिनीच्या शेतकऱ्याने खाजणास बांध घालून त्यात उघाडी बसविली, ती ह्याच तत्त्वावर. भरतीचे पाणी आले की ते दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी त्यास ढकलून बाहेर पडते. एका निरक्षर कुळास जे साधले ते सुशिक्षित नगरपालिकांस साधू नये काय? शहराची गटारे व नाले उघड्या तोंडाने नदीस मिळतात, आणि नदीचे पाणी चढले म्हणजे त्याच वाटेने ते उलटे पेठेत शिरते. अशा तोंडांवर आपोआप मिटणारी दारे बसविणे, शिवनदीचा काठ मोकळा करणे, नव्या भरावास बंदी करणे, पावसाळ्यातील उधाणाच्या तारखा व वेळा चौकाचौकांत ठळक फलकांवर लावणे, आणि कोळकेवाडीच्या विसर्गाची खबर भरतीच्या वेळेसह नागरिकांस आगाऊ देणे. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट अशक्य नाही, आणि पहिल्या पुरानंतर झालेल्या नुकसानीच्या मानाने कोणतीही महाग नाही. त्याबरोबर प्रत्येक दुकानदाराने मृग लागण्यापूर्वी आपला भारी माल व वह्या वरच्या मजल्यावर नेण्याचा शिरस्ता ठेवावा. पाऊस आल्यावर छत्री शोधणाऱ्यास आपण हसतो; पाणी उंबऱ्यास लागल्यावर माल हलविणाऱ्याची स्थिती त्याहून शहाणपणाची नव्हे.

एक शेवटची गोष्ट खालच्या अंगाची. लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने मासे मरतात, अशी दाभोळ खाडीतील मच्छिमारांची फार वर्षांची तक्रार आहे. शहरवासी समजतात की नदीत टाकलेले समुद्रात गेले व प्रश्न मिटला. परंतु भरतीची नदी ही एका दिशेने वाहून जाणारी मोरी नव्हे. ओहोटीने जे खाली गेले त्याचा मोठा वाटा पुढच्या भरतीने वर येतो. उन्हाळ्यात तर तीच घाण कित्येक दिवस खाडीत हेलकावे खात राहते. काठची कांदळवने व चिखलाची मैदाने ही ह्या खाडीतील माशांची पाळणाघरे आहेत, आणि उधाणाचे पाणी पसरण्याची जागाही तीच आहेत. त्यांवर भराव घालणारा मच्छिमाराचे पोट मारतो, आणि त्याच घावाने वरच्या शहराच्या दारात पाणी चढवितो. तिवऱ्यापासून दाभोळपर्यंतचा प्रत्येक गाव एकाच पाण्याचा भागीदार आहे. म्हणून ह्या सर्वांचे प्रतिनिधी, वीजप्रकल्पाचे अधिकारी व मच्छिमारांचे पुढारी ह्यांची एक कायमची समिती असावी, तिच्या बैठका पूर येण्यापूर्वी व्हाव्यात, आणि तिचे निर्णय छापून प्रसिद्ध व्हावेत, अशी आमची सूचना आहे.

समुद्र स्थिर नाही, हेही ध्यानात ठेवावे. गेल्या शतकाच्या आरंभापासून जगातील समुद्रांची पातळी सरासरीने सुमारे वीस सेंटिमीटर चढली आहे, आणि अलीकडे ती वर्षास तीन ते चार मिलिमीटर ह्या गतीने चढत आहे. आकडा लहान दिसतो. परंतु व्याजाचा आकडाही लहानच दिसत असतो, आणि चक्रवाढीने घरे बुडालेली आमच्या व्यापाऱ्यांनी पाहिली आहेत. ह्यापुढील प्रत्येक उधाण मागच्याहून किंचित उंच पायरीवरून चिपळूणच्या दारात येणार आहे. तेव्हा नदीस दोष देणे, दैवास दोष देणे, आणि दर पुरानंतर शासनापुढे हात पसरणे, एवढ्यावर जे नगर थांबेल त्याचे भविष्य उज्ज्वल नाही. ज्या पूर्वजांनी भरती ओळखून पेठ वसविली, त्यांचे आपण वारस आहोत. वारसांनी इस्टेट घ्यावी आणि तिजवरचा बोजा नाकारावा, हे न्यायाच्या कोर्टात चालत नाही. नदीच्या कोर्टात तर ते मुळीच चालत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी नगरपालिकेच्या सभेत वाशिष्ठीच्या भरतीचे वेळापत्रक टेबलावर ठेवले जावे आणि त्यास अनुसरून कामांची यादी ठरावी, एवढीच आमची मागणी आहे. आणि ती सभासदांकडून मान्य करवून घेणे हे मतदारांचे काम आहे.